खोली कुणाला द्यायची?

(चितेगाव, ता. पैठण येथे बचत गटांतल्या घरमालकीण महिलांच्या बैठकीत केलेलं हे भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय ऐकून काहीजणींनी विचारलं की बायकांच्या बैठकीत किरायाच्या खोल्यांचं काय काम? हुंडा, मारहाण, दारू, रेशन यावर बोलावं. किराया हा ज्याच्या त्याच्या घरचा व्यवहार, ज्याचा तो बघून घेईल. प्रश्न मला आवडला. एकेकाळी मारहाणीबद्दलही लोक हेच म्हणत होते. घरचा मामला आहे, बाहेरच्यांनी पडू नये.

तर आधी आपल्या गावाकडे बघू. चितेगाव पैठण रोडवर. एका अंगाला छत्रपती संभाजीनगर, ज्याला आपल्यातल्या कितीजणींच्या तोंडी अजून औरंगाबादच येतं. दुसऱ्या अंगाला बिडकीन आणि पुढे पैठण. व्हिडिओकॉनचा कारखाना इथे आला आणि शेतीचं गाव हळूहळू कंपनीचं गाव झालं. कामाला येणाऱ्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा लागते. रोडलगत ज्याचे दोन गुंठे होते त्याने पत्र्याच्या चार खोल्या काढल्या. पुढे २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. खोलीला कुलूप आणि घरात किराया नाही, हे दिवस कसे असतात ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही. आता वारं पुन्हा फिरलं आहे. बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत टोयोटा किर्लोस्कर आणि एथर या कंपन्यांनी २०२४ मध्ये कारखाने काढायचं जाहीर केलं. माणसं येणार, खोल्या लागणार.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. चार खोल्या रिकाम्या असतात तेव्हा आपण कुणाचं आडनाव विचारत नाही. येईल त्याला देतो, वर चहाही पाजतो. एका खोलीसाठी चार माणसं दारात उभी राहिली की मग आपल्याला जात दिसते, धर्म दिसतो, कपाळाचं कुंकू दिसतं, पोरांचे केस दिसतात. म्हणून आज बोलायचं. खोल्यांची टंचाई यायच्या आधी.

दुसरं कारण तुम्ही स्वतः आहात. इथे बसलेल्या बऱ्याचजणींच्या कमरेला खोल्यांच्या किल्ल्या आहेत. कुणी नवऱ्यामागे घर चालवते, कुणाला माहेरच्या जमिनीचा वाटा मिळाला, कुणी गटाचं कर्ज काढून दोन खोल्या चढवल्या. या किल्ल्या फुकट नाही मिळाल्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्तीची मोहीम काढली तेव्हा बायकोच्या नावावर जमीन करायची म्हणजे पुरुषाला हसू येई. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हक्क दिला, देशाने तो २००५ मध्ये दिला. घरावर बाईचं नाव लागावं यासाठी कितीजणींनी भावांचं तोंड बंद होणं सोसलं. आणि आता किल्ली हातात आहे तर तिच्याबरोबर दुसऱ्याला हो किंवा नाही म्हणायचा अधिकारही आलेला आहे. आयुष्यभर आपल्याला 'नाही' ऐकायची सवय. 'नाही' म्हणायची वेळ आली तर ते कसं म्हणायचं हे कुणी शिकवलेलं नाही.

समजा, तुमच्या ओळीत सहा खोल्या आहेत. एक रिकामी झाली. किराया अडीच हजार, डिपॉझिट पाच हजार. रविवारी सकाळी पहिल्यांदा एक बाई येते. कंपनीत पॅकिंगला आहे, सोबत सहा-सात वर्षांची लेक. नवरा नाही. दुपारी परभणीकडची दोन पोरं येतात, आयटीआय झालेली. एकजण आडनावासकट नाव सांगतो, दुसरा नुसतंच नाव सांगून थांबतो. दिवेलागणीला नवरा-बायको येतात, ओळखीच्या माणसाने पाठवलेले. तिघांनाही किराया परवडतो. तिघांकडे आधार कार्ड आहे. कुणाला द्याल?

हात वर करायला लावत नाही. नवरा-बायकोला. का? तर 'फॅमिली' आहे. गावोगावी पाट्या बघा, 'रूम किरायाने देणे आहे, फक्त फॅमिलीसाठी'. मग ती आई आणि तिची लेक कोण आहेत? फॅमिली म्हणजे पुरुषाची चप्पल दाराबाहेर असणं, एवढाच आपला अर्थ असेल तर आपण इतकी वर्षं मोर्चे कशाचे काढले?

आणि त्या बाईला आपण काय काय विचारतो! मिस्टर काय करतात? सोबत का नाहीत? कागद झालेत का? रात्री किती वाजता येता? सोडायला कोण येतं? पोरांना विचारतो, गाव कोणतं? गावात राहायला कुठे? आडनावावरून पत्ता लागला नाही तर वस्तीवरून काढायचा, वस्तीवरून नाही लागला तर घरात फोटो कुणाचा लावता ते विचारायचं. मटण-मच्छी करता का हा प्रश्न तर ठरलेला. विचारणाऱ्या बाईच्या घरात त्याच दिवशी रस्सा शिजत असतो.

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेसमध्ये काम करते. २००५ च्या कायद्याचं कलम १९ आहे. त्याखाली कोर्ट नवऱ्याला हुकूम करू शकतं की बायकोला आधी होतं तशा दर्जाचं दुसरं घर दे, नाहीतर त्याचा किराया भर. कागदावर फार चांगलं कलम आहे. पण कोर्ट किराया देववतं, खोली देववत नाही. अशाच एका बाईबरोबर मी खोल्या शोधत हिंडले आहे. तिच्याकडे हुकूम होता, दोन महिन्यांचे पैसे होते, शिवणाचं काम होतं. एकटी गेली की विचारायचे, नवरा कुठे आहे? मी सोबत गेले की विचारायचे, या कोण? संस्थेची आहे म्हटलं की चेहरा बदलायचा. म्हणजे काहीतरी भानगड आहे! आठ घरं झाली. नवव्या घरी जायची तिची तयारी राहिली नाही. ती परत गेली, ज्याने मारलं त्याच्याच घरी. तिला परत पाठवणाऱ्यांत सासू नव्हती, दीर नव्हता. आठ घरं होती, आणि त्यातल्या पाच घरांचं दार बाईने उघडलं होतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. टाकलेल्या बाईला पोटगी हवीच, पण तिच्या नावाचं रेशनकार्ड हवं आणि डोक्यावर छप्पर हवं, ही त्या चळवळीची मागणी होती. छप्पर सरकारने द्यावं असं आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण गावातली निम्मी छपरं आज आपल्याच हातात आहेत.

आता नकार कसा दिला जातो ते सांगते, कारण त्यात आपलं नाव फार वापरलं जातं. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतःच्या आठवणी लिहिल्या आहेत त्यात बडोद्याची हकीकत आहे. साल १९१७. परदेशात शिकून आलेला माणूस, सयाजीराव महाराजांच्या नोकरीत रुजू व्हायला आला, आणि त्या शहरात त्याला राहायला खोली नाही. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर काढलं. ते दोन मित्रांकडे गेले. मित्रांपैकी 'मी तुला ठेवणार नाही' असं कुणीच म्हणालं नाही. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायको उद्या येणार आहे, तिला विचारतो. ती काय म्हणणार हे बाबासाहेब ओळखून होते. दिवसाचा उरलेला वेळ त्यांनी बागेत काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेले.

बायकोला विचारतो. ऐकलंत? शंभराहून जास्त वर्षं झाली. आजही घरमालक ओट्यावरून हेच सांगतो, 'माझं काही नाही हो, पण आमच्या हिला चालत नाही.' आणि घरमालकीण एकटी असली तर ती म्हणते, 'माझं काही नाही, पण शेजारी ऐकत नाहीत, भावकी नावं ठेवते.' नकार कुणाचाच नसतो, तरी माणूस रस्त्यावर असतो. ज्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढून मराठवाड्याच्या पोरांना शिकवलं, त्या कॉलेजातून शिकून निघालेल्यांच्या नातवंडांना आज इथे खोली शोधताना आडनाव गिळावं लागतं. आडनाव न सांगणारा तो दुसरा पोरगा लबाड नाही. त्याला अनुभव आहे.

कुणी म्हणेल, हे आता राहिलं नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत याची तपासणी केली, २०१५ मध्ये ती छापून आली. पगार-नोकरी सारखी, फक्त नावं वेगळी, अशी माणसं फोन करून आणि प्रत्यक्ष जाऊन घर मागायची. सवर्ण नावाला दारं उघडली. दलित नावाला कितीतरी ठिकाणी नकार आला, किंवा होकार आला तर जादा किराया आणि जादा अटींसह. मुसलमान नावाला सगळ्यात जास्त नकार. आणि सप्टेंबर २०२३ आठवा. मुंबईत मुलुंडला एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा बघताना सांगितलं गेलं की इथे महाराष्ट्रीयन चालत नाहीत. तिने ते फोनवर चित्रित केलं आणि सगळा महाराष्ट्र पेटला. पेटायलाच हवा होता. पण त्या रात्री चिडलेल्यांपैकी कितीजणांनी आपल्या चाळीतली खोली आडनाव न विचारता दिली होती?

कायद्याचं थोडक्यात सांगते. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते सगळ्यांना खुले असं आहे, पण किरायाच्या घराचं नाव त्यात नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासद फक्त पारशीच असतील, हा नियम मान्य केला. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना दिला. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायापेक्षा जास्त नको असं त्यात आहे. माणूस कोण आहे म्हणून नाकारू नका, असं एक वाक्य त्यात नाही. हे वाक्य लिहायला आपल्या कायद्याला येत नाही असंही नाही. एचआयव्ही असलेल्या माणसाला त्यावरून घर किरायाने नाकारू नये, हे २०१७ च्या कायद्यात लिहिलं आहे. तृतीयपंथी व्यक्तींसाठी तसंच २०१९ च्या कायद्यात लिहिलं आहे. आणि अस्पृश्यता पाळून कुणाला एखाद्या वस्तीत राहायला मज्जाव करणं, हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवा. पण एकट्या बाईला 'तुला नवरा नाही म्हणून खोली नाही' असं सांगितलं तर तिने कोणत्या कलमाखाली जावं? असं कलम मिळावं म्हणून संघटनांनी भांडलं पाहिजे. तोवर किल्ली तुमच्याकडे आहे.

मग करायचं काय? मी उपाय बाहेरून आणलेला नाही. तो तुमच्या रोजच्या वापरातला आहे. पिठाच्या गिरणीत जाता तेव्हा काय करता? डबा ओळीत ठेवता. ज्याचा डबा आधी त्याचं दळण आधी. गिरणीवाला डब्याचं आडनाव विचारत नाही. ज्वारी ओली असेल तर तो दळत नाही, पण ओली ज्वारी कुणाचीही दळत नाही. टँकरवर हंड्यांची ओळ लागते. मधे कुणी घुसलं की आपण कसं भांडतो! नंबरातला न्याय बायकांना कुणी शिकवावा लागत नाही.

तोच खोलीला लावा. आधी अट ठरवायची, मग ओळ. अट म्हणजे काय, तर किराया किती, डिपॉझिट किती, खोलीत जास्तीत जास्त किती माणसं, पाणी किती वाजता, लाइटचं बिल कसं, गाडी लावायची कुठे. एवढं एका कागदावर, कुणी दारात यायच्या आधी, आणि तो कागद भिंतीला. येणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न. काम कुठे, महिन्याला साधारण मिळतं किती, किती माणसं राहणार, कधीपासून, आधीची खोली कुठे होती, आधार कार्ड. यापलीकडे जे विचाराल त्याचा किरायाशी संबंध आहे का, ते स्वतःला विचारा. नवरा का नाही याचा संबंध नाही. काय शिजवता याचाही नाही. मग वहीत नाव, तारीख, वेळ. अटीत बसणाऱ्यांत जो पहिला, खोली त्याची. रविवारच्या त्या तिघांत पहिली कोण होती?

अमेरिकेत सिॲटल शहराने २०१६ मध्ये असाच नियम केला. घरमालकाने अटी आधी जाहीर करायच्या, अर्ज कधी आला ते लिहून ठेवायचं, आणि अटीत बसणाऱ्या पहिल्या माणसाला घर द्यायचं. घरमालक कोर्टात गेले, आमची मर्जी गेली म्हणून. २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. नियम करणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. घरमालक 'मला माणूस बरा वाटला' असं म्हणतो तेव्हा त्या बरं वाटण्यात काय काय दडलेलं असतं ते त्याचं त्यालाही कळत नाही.

आत्ता मागून एक मावशी म्हणाल्या, 'घर माझं, मर्जी माझी.' खरं आहे मावशी, घर तुमचंच. गिरणीही गिरणीवाल्याचीच असते. तुमच्या स्वयंपाकघरात कुणाला बसवायचं त्यात मी बोलणार नाही. पण ज्या खोलीचा महिन्याला किराया घेता ती खोली धंद्याला लावली आहे. शिवाय किरायदार पारखायची एवढी नजर आपल्याला असती तर किराया बुडवून पळालेल्यांत एकही 'चांगल्या घरातलं जोडपं' निघालं नसतं. तुमच्याच अनुभवाने सांगा, निघालं की नाही? (हशा.)

भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. किरायदार खोली सोडणार नाही, ही भीती विधवा बाईला असते तेवढी कुणाला नसते. तिच्या बाजूने भांडायला कुणी नसतं. त्यावर इलाज करारात आहे, जातीत नाही. लीव्ह अँड लायसन्सचा लेखी करार करा, नोंदणी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. तो त्याच्या अनुसूचीत दिलेल्या भागांना लागू होतो. तिथे करार लिहून नोंदवायची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. नोंदवला नाही आणि तंटा झाला, तर किरायदार सांगेल ती अट खरी धरतात, तुम्ही खोटी ठरवेपर्यंत. मुदत संपून लायसन्सवाला हटला नाही तर दुप्पट किरायाने भरपाई मागता येते. पोलीस ठाण्यात किरायदाराची माहिती द्यायची तर सगळ्यांची द्या. फक्त मुसलमान पोराला 'आधी पोलिसांचा कागद आण' म्हणायचं आणि जोडप्याला आत घ्यायचं, याला अट म्हणत नाहीत.

आता एक अवघड प्रश्न. आपल्यातल्या काहीजणी एकट्या राहतात. खोली घराला लागून, संडास-मोरी एकच. दोन तरुण पोरं पहिली आली तर त्यांनाच द्यायची का? यावर आमच्या कार्यकर्त्यांतही एकमत नाही. माझं मत सांगते. मोरी एकच असेल तर 'फक्त महिलांसाठी' अशी अट घालायला हरकत नाही. पण ती भिंतीवरच्या कागदात आधीच लिहिलेली हवी, आणि मग येणारी पहिली बाई तुमची किरायदार, ती हिंदू असो, बौद्ध असो, मुसलमान असो, नवरा सोडलेली असो. खोल्या वेगळ्या ओळीत असतील, दारं वेगळी असतील, तर ही अट घालू नये. पोरांनी दंगा केला तर करारात कलम टाका, नोटीस द्या. सगळ्या पोरांना आधीच गुन्हेगार धरलं तर आपल्या पोरांना पुण्यात खोली मिळत नाही म्हणून रडायचा हक्क आपण गमावतो.

दुसरा प्रश्न कार्यकर्त्यांचा. त्या म्हणतात, ओळ कशाला, जिला सगळ्यात जास्त गरज तिला द्या. मनाला पटतं. पण गरज मोजणार कोण? घरमालकीण. आणि मोजायला ती काय करणार? विचारणार. त्या बाईला दारात उभं राहून सगळी कर्मकहाणी सांगावी लागणार, वळ दाखवावे लागणार, रडावं लागणार. जी जास्त रडेल तिला खोली. मारहाणीतून सुटलेल्या बायका मला सांगतात की त्यांना कीव नको. नंबर लागला म्हणून खोली मिळाली, एवढंच हवं. महिन्याच्या एक तारखेला किराया ठेवून मान वर करून जाता यावं. कीव करून दिलेली खोली कीव संपली की काढून घेतली जाते. पहिल्यांदा एखादा पुरुष तिला सोडायला आला की 'आम्ही दया करून ठेवली आणि ही बघा.'

तरीही ज्यांच्या दहा-बारा खोल्या आहेत त्यांना मी म्हणेन, एक खोली राखून ठेवा. तसं कागदावर लिहा, की ही खोली कोर्टाच्या हुकमाने किंवा आधारगृहातून येणाऱ्या बाईसाठी. त्या खोलीचीही ओळ वेगळी, वही वेगळी. राखीव म्हणजे उपकार नव्हे. एस.टी.त बायकांच्या राखीव सीटवर बसताना आपण कंडक्टरचे पाय धरत नाही.

ओळीतही खोट असते, हे लपवत नाही. पहिला कोण येतो? ज्याला आधी कळतं तो. आणि खोली रिकामी झाल्याची बातमी कुणाला कळते? भावकीला, जावयाच्या मित्राला, कंपनीतल्या सुपरवायझरला. बातमीच एका आळीत फिरली तर ओळही त्याच आळीची होणार. सिॲटलमध्येही हाच आक्षेप होता, की ज्याच्याकडे वेळ आणि साधनं आहेत तोच आधी पोहोचतो. बारा तासांच्या शिफ्टला गेलेली बाई दुपारी खोली बघायला येऊ शकत नाही. म्हणून खोली रिकामी होणार असेल तर आठ दिवस आधी चिठ्ठी लावा. ग्रामपंचायतीच्या फलकाजवळ, किराणा दुकानात, अंगणवाडीच्या भिंतीला, कंपनीची बस थांबते तिथे. बौद्ध वस्तीत आणि मुसलमानांच्या मोहल्ल्यातही लावा. नाव लिहायची सुरुवात रविवारी सकाळी दहाला, असं चिठ्ठीत लिहा. दहालाच तिघं-चौघं उभे असतील तर नावाच्या चिठ्ठ्या टाका आणि एखाद्या लेकराला उचलायला सांगा.

लिलाव मात्र करू नका. बिडकीनला कंपन्या वाढल्या की दारात उभं राहून कुणीतरी म्हणेल, 'यांनी अडीच हजार म्हटलं का, मी तीन देतो.' काँट्रॅक्टर येईल आणि म्हणेल, सगळी ओळच द्या, एका खोलीत आठ पोरं ठेवतो, पैसे एकरकमी. आठ माणसांचं पाणी तुमची बोअर देणार आहे का? तीन हजार हवे असतील तर कागदावर आधीच तीन हजार लिहा. भिंतीवर एक आकडा आणि दारात दुसरा, हे नको.

शेवटी नाही कसं म्हणायचं ते, कारण एकाला खोली दिली की तिघांना नाही म्हणावंच लागतं. 'खोली गेली' असं खोटं सांगून दुसऱ्या दिवशी तीच खोली दुसऱ्याला दाखवायची, हे लोकांना कळतं. तुम्हाला वाटतं कळत नाही, पण ते चांगलं कळतं. खरं सांगा. 'तुमच्या आधी एकीने नाव लिहिलं आहे, त्यांचं पक्कं झालं. वहीत बघा, तुमचा नंबर दुसरा आहे.' वही त्यांच्यापुढे धरा. अटीत बसत नसतील तर कोणत्या अटीत, ते भिंतीवरच्या कागदावर बोट ठेवून दाखवा. फोन नंबर लिहून घ्या. आणि पहिलीने दोन दिवसांत डिपॉझिट आणून दिलं नाही, तर त्या दुसऱ्या नंबरला, त्याचं आडनाव काहीही असो, फोन लावा.